मादराहिमभावजींची चाळीस पावलं

आमच्या गावाच्या मधोमध सिमेंटची एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘केमेची. ही वस्ती याच जागी १७५० साली वसली.’ ही पाटी आजवर चार जागी उभी राहिली आहे, त्यातल्या तीन मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. पहिल्या जागेवरून आता आमू नदी वाहते. दुसऱ्या जागेवरूनही तीच वाहते. तिसरीची गोष्ट पुढे येईलच, आणि चौथी म्हणजे मी आत्ता जिथे बसून हे लिहितेय ती, नदीपासून सहा किलोमीटर आत, खारट वाळूत. दर वेळी पाटी उचलून आणताना ‘याच जागी’ हे दोन शब्द खोडावेत असं कुणालाही वाटलं नाही. मी एकदा सुचवून बघितलं, तर गावचे अध्यक्ष म्हणाले की बाई, तुम्ही भूगोल शिकवा, इतिहासात पडू नका.

भूगोल मी एकतीस वर्षं शिकवला. शाळा एकच, इमारती तीन. जिल्ह्याच्या कचेरीतल्या नकाशात आमची सगळ्यात जुनी इमारत अजून उभी आहे, आणि तो नकाशा खरा मानला तर पलीकडे जाणारी होडी रोज सकाळी पाचवीच्या वर्गातून जाते. होडीत बसलेली म्हातारी माणसं पाण्याकडे बोट करून सांगतात, हे न्हाव्याचं दुकान, ही तुती, हा तंदूर. मग न्हाव्याचं दुकान तुतीच्या अलीकडे होतं की पलीकडे यावरून जुंपते. खाली दहा हात गढूळ पाणी आहे, ते काही या भांडणाच्या आड येत नाही.

उन्हाळ्यात वर डोंगरातला बर्फ वितळला की आमू काठ खायला लागते. त्याला आम्ही देगिश म्हणतो. काठ वरून शाबूत दिसतो, खालून पोकळ झालेला असतो, आणि मग एकदम बसतो, वर जे असेल ते घेऊन. भिंती गेल्याचं आमच्याकडे कुणी मनाला लावून घेत नाही. माती काय, हवी तेवढी पडली आहे. जपायचं ते लाकूड, तुळया, खांब, दारं. म्हणून देगिश जवळ आली की आमचे लोक आधी छप्पर उतरवतात आणि मग खाटेवरच्या म्हाताऱ्यांना हलवतात. माझ्या सासूने हे स्वतः अनुभवलंय आणि मरेपर्यंत बोलून दाखवलंय.

तर या फिरत्या गावाचा खरा इतिहास ज्यांच्या वहीत आहे ते मादराहिम काठीवाले. त्यांची बायको बिकाजान माझी मैत्रीण, आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते. उंच, वाकलेले, डोक्यावर उन्हाळ्यातसुद्धा मेंढीच्या केसांची टोपी. बोलणं अगदी मोजकं. जन्मात विनोद म्हणून केला नाही आणि खोटं म्हणून बोलले नाहीत, त्यामुळे लग्नाकार्यात त्यांना कुणी आग्रहाने बोलवत नसे.

त्यांचे वडील देगिशीत गेले. पहिलं केमेची बुडालं ते १९५१ साल. घर वेळेत रिकामं झालं होतं, एक दार तेवढं राहिलं. आता आमच्या जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. दाराच्या फळीलाच वर-खाली खुंट असतो, तो उंबऱ्यात आणि वरच्या पाटात बसवतात आणि मग त्याच्याभोवती भिंत चढवतात. दार काढायचं म्हणजे भिंत फोडायची, अर्ध्या दिवसाचं काम. वडील पहार घेऊन भिंत फोडत राहिले आणि आमूने तो अर्धा दिवस दिला नाही. मादराहिमभावजी तेव्हा अकरा वर्षांचे होते, गाडीवर तुळया धरून बसले होते.

मोठे झाल्यावर कचेरीने त्यांनाच काठ मोजायला नेमलं. पद्धत त्यांनी स्वतः काढली होती. काठापासून गावाकडे दर दहा पावलांवर विलोची एक काठी रोवायची, टोकाला लाल चिंधी. रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन किती काठ्या उरल्या ते बघायचं आणि वहीत लिहायचं. घरापासून पाच काठ्या उरल्या की जनावरं हलवा, तीन उरल्या की तुळया उतरवा, एक उरली की चहाची किटली उचला आणि निघा, मागे बघू नका. एवढंच ते सांगायचे आणि पुढच्या घरी जायचे. सत्तावीस वर्षांत त्यांच्या सांगण्यावरून निघालेलं एकही माणूस नदीत गेलं नाही.

अशा माणसाला गावाने डोक्यावर घ्यायला हवं होतं. गावाने उलट त्यांच्यावरच आळ घेतला. लोकांनी बघितलं की हा काठ्या रोवतो आणि मागोमाग नदी येते, मग नदी कुणाच्या सांगण्यावरून येते हे उघडच झालं. भावजी दिसले की लोक खरबूज घेऊन आडवे यायचे. आमच्या शेजारच्या ओगुलजानने तर त्यांना घरात बसवून तुखुम-बराक खायला घातले, कच्चं अंडं पिठाच्या पिशवीत ओतून उकडायचं असतं, करणाऱ्याचा जीव जातो. आणि मग म्हणाली, भाऊ, काठी माझ्या अंगणात कशाला, पलीकडच्या ओतानझरच्या अंगणात रोव की, त्याची सून फार माजली आहे. भावजींनी तुखुम-बराक खाल्ले, हात धुतले, आणि काठी ओगुलजानच्याच अंगणात रोवली. माझे तुखुम-बराक खाऊन माझ्याच घरावर नदी घातली, हे तिने पुढे वीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं.

कचेरीची तऱ्हा वेगळी नव्हती. एका वर्षी वरून हुकूम आला की नदीने वर्षाला बारा मीटरच्या वर काठ खाऊ नये. भावजींच्या वहीत त्या वर्षी साठ होते. तेव्हाचे अध्यक्ष खुदायनझर यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मादराहिम, तू शहाणा माणूस आहेस, बारा लिही. भावजी म्हणाले, मी साठ लिहिलेत, तुम्हाला हवं तर तुम्ही बारा लिहा. अध्यक्षांनी बारा लिहिले, सही केली, शिक्का मारला. ऑगस्टमध्ये शिक्क्यासकट कचेरी नदीत गेली, तेव्हा अध्यक्ष नदीच्या बेशिस्तीबद्दल जिल्ह्याला पत्र लिहीत होते. ते तेवढे खिडकीतून निघाले.

आता बिकाजान. ती खीवा शहरातली. तिचे वडील लाकडावर कोरीव काम करणारे, त्या भागात त्यांचं नाव होतं. एकुलत्या मुलीला त्यांनी लग्नात दार दिलं. गुजुम नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचं, दोन झडपांचं, वरपासून खालपर्यंत वेलबुट्टी, मधे पितळी कडी. दोन हिवाळे ते कोरत होते. १९६७ साली नवरी आणि दार एकाच गाडीतून आलं, आणि खरं सांगायचं तर बायका आधी दार बघायला धावल्या. मी पण धावले.

भावजींनी दार बघितलं, हात फिरवला, मग नदीकडे बघितलं. म्हणाले, ‘अजून चारशे पावलं आहेत. जरा थांबू या.’

थांबले. दार नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड सतरंजीत, गुंडाळून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि चौकटीच्या जागी तरटाचा पडदा लावला. चारशेची तीनशे झाली, तीनशेची तीस, आणि गाव दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागी गेलं. दारही गेलं, नमद्यासकट. तिथेही पडदाच. बिकाजानला तीन मुलगे झाले, ते त्या पडद्याखालून रांगत बाहेर गेले, मोठे झाले आणि शहरात निघून गेले. भावजींनी अंगणात एक जर्दाळू लावला नाही, भिंतीला गिलाव्याचा दुसरा हात दिला नाही. कशाला, नदी येणारच आहे, एवढंच म्हणायचे. त्यांचं खोटं नव्हतं. बापाला दारापायी जाताना बघितलेला माणूस, त्याला दार म्हटलं की काय दिसत असेल ते मला कळतं. पण बिकाजानचंही मला कळायचं.

ती भांडायची नाही. वर्षातून एकदा, वसंतात, नमदा सोडून दाराला तेल चोळायची, आणि मी गेलेली असले तर एवढंच बोलायची, ‘अनाबीबी, मला काही नको. हे दार एकदा लागलेलं बघायचंय. माझ्या घरात मला पडदा वर करून नाही, दार उघडून शिरायचंय.’ आणि परत नमदा बांधायची. दर वर्षी हे ऐकून मला भावजींचा राग यायचा, आणि घरी येताना नदीचा आवाज ऐकला की तो निम्मा व्हायचा.

१९८९ साली तिसऱ्या जागेचीही वेळ भरली. भावजी घरोघर सांगत गेले, तीन काठ्या, तुळया उतरवा. सगळं गाव उतरलं आणि या वाळूत येऊन बसलं. पाटीही आली. मोजणाऱ्याने शेवटी निघायचं असा भावजींचा नियम, म्हणून ते दोघं तिथेच राहिले. आणि मग काय झालं म्हणता? वर कुठे तरी मोठं धरण झालं होतं, त्याने पाणी अडवायला सुरुवात केली, आणि आमूने कूस बदलली. भावजींच्या घरापासून बरोबर तीन काठ्यांवर येऊन थांबली आणि मागे सरकत पलीकडच्या काठाला गेली. तिथे रेती पडली, रेतीवर झुडपं आली.

मग गावाच्या तोंडाला कोण हात लावणार. जन्मभर त्या माणसाने नदी आणली म्हणून बोंब होती, आता नदी नेली म्हणून सुरू झाली. आम्हाला खाऱ्या वाळूत लोटलं आणि स्वतः पाण्याकाठी खरबुजं खात बसलाय, हे मशिदीच्या ओट्यावर बसणारा प्रत्येक जण म्हणायचा. ओगुलजान म्हणाली की तेव्हा माझं ऐकलं असतं तर. काय ऐकलं असतं ते तिलाही सांगता येईना.  भावजी शुक्रवारच्या बाजारात यायचे बंद झाले, आणि मग मीच दर शुक्रवारी बसने तिकडे जायला लागले.

वीस वर्षं अशी गेली. शेवटी कचेरीचा माणूस कागद घेऊन त्यांच्या दारात, म्हणजे पडद्यात, उभा राहिला. नदीचा धोका कायमचा टळला आहे, सबब काठ मोजण्याची जागा रद्द करण्यात येत आहे. भावजींनी सही केली, पण त्या माणसाने वही परत मागितली ती मात्र दिली नाही.

तो माणूस गेला तशी बिकाजान म्हणाली, ‘अहो, आता तरी?’

 २०१० च्या एप्रिलमध्ये भावजींनी पुढची भिंत पाडली, उंबरा ठेवला, दार उभं केलं आणि त्याच्याभोवती भिंत चढवली, चांगली हातभर जाड. सत्तर वर्षांचा माणूस, माती स्वतः तुडवली. त्रेचाळीस वर्षं तेल पिऊन दार असं झालं होतं की एका बोटाने फिरायचं. मी गेले तर बिकाजानने मला आत येऊ दिलं, चहा दिला नाही, परत बाहेर पाठवलं आणि म्हणाली, आता नीट ये. मी परत आले. म्हणाली, कडी वाजवून ये. अशी मी त्या दिवशी तीनदा त्या घरात शिरले आणि तिन्ही वेळा तिने मला ‘या, या’ म्हटलं. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. भावजी ओट्यावर बसले होते, ते कुठे बघत होते म्हणाल तर नदीकडे.

नोकरी गेली तरी त्यांनी काठ्या रोवणं सोडलं नव्हतं. कुणाला सांगायचे नाहीत इतकंच.

त्या हिवाळ्यात डोंगरात बर्फ फार पडला होता. जूनमध्ये धरणवाल्यांनी दरवाजे उघडले, आम्हाला कळवायची काही पद्धत नाही. आमू वीस वर्षांची रेती चार दिवसांत धुऊन आमच्या काठाला परत आली. आमच्या वाळूतल्या गावाला त्याचं काय, गाव सुरक्षित. मी शुक्रवारी गेले तर बिकाजान दारात बसून घेवडे सोलत होती, आणि भावजी मागून येत होते. तिने विचारलं, किती? ते म्हणाले, चाळीस.

चाळीस म्हणजे चार काठ्या. जनावरं एव्हाना हलवायला हवीत. पण शेळी तिथेच बांधलेली. मी तोंड धुवायचं निमित्त करून घरामागे गेले आणि मोजलं. बावीस भरले. काठाशी एक काठी अर्धी लोंबकळत होती. वळून बघते तर भावजी मागे उभे.

मी म्हटलं, ‘भावजी, हे काय चाललंय? सगळ्या गावाला तीस पावलांवर घराबाहेर काढलंत, आणि घरच्या माणसाला चाळीस सांगता?’

ते खाली बघून म्हणाले, ‘बाई, ती त्रेचाळीस वर्षं थांबली. मी आज खरं सांगितलं तर आज भिंत फोडावी लागेल. तिला अजून थोडे दिवस बसू द्या दारात.’

मी त्यांना वाटेल ते बोलले. तुम्हाला म्हातारचळ लागलाय म्हटलं.  मग मी बसमध्ये बसले आणि सहा किलोमीटर स्वतःलाच शिव्या घातल्या, कारण आत जाऊन तिला सांगणं माझ्याच्यानेही झालं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारपर्यंत दम निघेना. मंगळवारीच भाच्याचा ट्रक घेऊन गेले. बिकाजान अंगणात उभी होती आणि तिच्या पायाशी सगळं घर बांधून तयार होतं. गाद्या, भांडी, शिवणाचं यंत्र, वर शेळीचा दोर. मला म्हणाली, बरं झालं आलीस, मी आज निरोप धाडणारच होते. यांचे चाळीस म्हणजे माझे नऊ, आणि माझी पावलं यांच्यापेक्षा लहान. शेळीचं दूध काढायला जाते तेव्हा रोज मोजते मी. नदी परत आली त्या दिवसापासून मोजतेय.

भावजींचं तोंड बघवेना. ते पहार घेऊन आले आणि दाराशेजारच्या भिंतीवर पहिला घाव घातला. घरामागे त्याच वेळी काठाचा एक तुकडा बसला, पायाखाली हादरा बसला. त्यांनी दुसरा घाव घातला. मला ते १९५१ सालचं सगळं आठवलं, न बघितलेलं. मी ओरडणार तेवढ्यात बिकाजान पुढे झाली आणि तिने पहार धरली.

‘सोडा,’ ती म्हणाली. ‘तुमच्या वडिलांनी केलं ते तुम्ही करायचं नाही. भिंतीला टेकलेलं दार मी खूप वर्षं बघितलंय. आता ते लागलंय, लागलेलंच राहू दे.’

मग तिने काय करावं? उंबरा झाडला. दोन्ही झडपा ओढून घेतल्या, पितळी कडी घातली, कडीला कुलूप लावलं आणि किल्ली चोळीत टाकली. अगदी आपण लग्नाला निघतो तसं. एकदा कुलूप ओढून बघितलं आणि ट्रकमध्ये भावजींच्या शेजारी जाऊन बसली. भावजी लहान पोरासारखे रडत होते. ती म्हणाली, अहो पुरे, शेळी बुजेल.

होडीवाल्याने नंतर सांगितलं की घर मागून गेलं. आधी चूल, मग खोली, मग छप्पर. पुढची भिंत तेवढी जाड बांधलेली, ती दारासकट आणखी दोन दिवस काठावर उभी होती. मागे काही नाही, नुसतं पाणी, आणि दाराला कुलूप. तिसऱ्या दिवशी ती पण बसली. आताचे अध्यक्ष पंचनाम्याला गेले नाहीत, इथूनच लिहून पाठवलं: नुकसान काही नाही, वस्ती अगोदरच स्थलांतरित. ओगुलजान मात्र त्या दिवशी तुखुम-बराक घेऊन बिकाजानकडे आली, बसली, आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

भावजींनी इथे घर बांधलं आहे. जन्मात केलं नाही ते सगळं केलंय, भिंतींना दोन हात दिलेत, तीन जर्दाळू लावलेत, त्यातला एक या खाऱ्या मातीतही धरलाय. घराला बाजारातलं पत्र्याचं दार आहे, बिजागऱ्यांचं, ते वाऱ्याने वाजतं. आतल्या भिंतीवर खिळ्याला पितळी किल्ली टांगली आहे. संध्याकाळी भावजी एक फेरी मारून येतात, आणि बिकाजान चहा ओतता ओतता विचारते, किती? ते म्हणतात, चाळीस. नदी इथून सहा किलोमीटर आहे, मी भूगोलाची बाई आहे, मला ते चांगलं ठाऊक आहे. मी तिथे असले तर चहाची वाटी पुढे करते आणि गप्प बसते.